मैफलीतला वेळ गाण्याला द्या : संगीतसभांच्या संयोजकांना खुले पत्र

शास्त्रीय संगीताच्या मैफली भरवणाऱ्या सर्व संस्था, मंडळे आणि संयोजक यांस,

सप्रेम नमस्कार.

एका संगीतसंस्थेने नुकताच आपल्या सभासदांना एक निर्णय कळवला. येत्या हंगामापासून एका सायंकाळी चार कलाकार, प्रत्येकाला चाळीस मिनिटे, आणि कलाकारांना विनंती की त्यांनी विलंबित ख्याल, म्हणजे अगदी संथ लयीतले रागगायन, शक्यतो टाळून मध्य लयीपासून सुरुवात करावी. कारण असे दिले आहे की आजच्या श्रोत्याकडे तेवढा वेळ नाही. संस्थेचे नाव मी लिहीत नाही, कारण प्रश्न तिच्या एकटीचा नाही. जे तिने लेखी कळवले ते बहुतेक ठिकाणी न कळवता चालू आहे. म्हणून हे पत्र तुम्हा सर्वांना.

मी गाणे शिकवते. त्याआधीपासून तानपुऱ्यावर बसत आले आहे, सुरुवातीला माझ्या गुरूंच्या मागे आणि पुढे ज्यांनी ज्यांनी बोलावले त्यांच्या मागे. तानपुऱ्यावर बसणाऱ्याला मैफल दोन्ही बाजूंनी दिसते. समोर श्रोते दिसतात, पुढ्यात गाणाऱ्याची पाठ दिसते आणि विंगेत घड्याळाकडे बघत ताटकळलेले तुमचे कार्यकर्तेही दिसतात. चिठ्ठी येते ती आमच्याच बाजूने येते. त्या चिठ्ठीविषयी मला आधी बोलायचे आहे.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. पत्रिकेवर वेळ सहाची होती. पडदा उघडला पावणेसातला. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, पाहुण्यांचे मनोगत, प्रायोजकांचा सत्कार, माजी पदाधिकाऱ्यांचा सत्कार, मग प्रायोजकाची चित्रफीत. त्यानंतर एका तरुण मुलाचे सतारवादन झाले, मध्यंतर झाले आणि मध्यंतरानंतर पुन्हा एक सत्कार. ज्यांचे नाव जाहिरातीत सगळ्यांत मोठ्या अक्षरांत होते त्या गायिका मंचावर येऊन बसल्या तेव्हा नऊ वाजत आले होते. त्यांनी बागेश्री घेतला. विलंबित एकताल. मध्यमावर त्या मनासारख्या ठरल्या होत्या, धैवत आणि कोमल निषाद नुकते कुठे उघडायला लागले होते. तेवढ्यात विंगेतून एक जण वाकून आला आणि संवादिनीवर (हार्मोनियमवर) घडी घातलेला कागद ठेवून गेला. नऊ पन्नासला समाप्ती, भैरवी घ्यावी. भैरवी म्हणजे मैफल संपवायचा राग. बाईंनी कागद वाचला. तालाच्या पुढच्याच आवर्तनात, म्हणजे फेरीत, त्या तार षड्जावर (वरच्या ‘सा’वर) गेल्या, दोन आवर्तनांत अंतरा (बंदिशीचा दुसरा भाग) आटोपला आणि तबलजींना लय वाढवायची खूण केली. द्रुत बंदिशीला टाळ्या भरपूर पडल्या. मागे बसलेल्या आम्हा दोघींना मात्र त्यांचे खांदे दिसत होते. इतका वेळ सैल असलेले ते खांदे कागद वाचल्यावर जे वर गेले ते भैरवी संपेपर्यंत खाली आले नाहीत.

त्या सायंकाळी वेळ कमी पडला असे कोणी म्हणू नये. सहा ते दहा असे चार तास होते. ते कशात गेले ते वर लिहिले आहे. श्रोते तर सहालाच येऊन बसले होते.

विलंबित ख्याल का टाळता येत नाही, तेही इथे मांडायला हवे, कारण तुमच्यापैकी अनेक जण मनापासून संगीतसेवा करतात पण स्वतः गात नाहीत. एकतालाच्या मात्रा बारा. अतिविलंबित लयीत एका मात्रेला चार-पाच सेकंद लागतात, म्हणजे एक आवर्तन जवळजवळ मिनिटाचे होते. विलंबिताला पंधरा मिनिटे मिळाली तर गाणाऱ्याच्या हाती पंधरा-सोळा आवर्तने येतात. तेवढ्यात स्थायी (बंदिशीचा पहिला भाग) मांडायची, मंद्रातून, म्हणजे खालच्या सप्तकातून, एकेक स्वर घेत वर यायचे, प्रत्येक वेळी मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) पकडून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, उतरायचे, अंतरा भरायचा, मग बोल आणि ताना. बढत, म्हणजे रागाचा स्वरास्वराने विस्तार, ही चढत्या क्रमाने होते, तिची मधली पायरी गाळता येत नाही. मंद्रातला षड्ज पुरेसा ऐकलेला नसेल तर तार षड्ज आला तरी तो कानाला फक्त उंच लागतो. उस्ताद अमीर खाँसाहेब (१९१२–१९७४) चौदा मात्रांच्या झुमरा तालात किती संथपणे राग उलगडत असत ते ध्वनिमुद्रणांतून आजही ऐकता येते. त्यांना कोणी चाळीस मिनिटांत सगळे आटपा म्हटले असते तर त्यांच्या गायकीचे काय उरले असते?

यावर एक उत्तर मला नेहमी मिळते, की जुन्या लोकांनी तीन मिनिटांच्या तबकडीत राग उभा केलाच ना. केला, आणि काय केला! १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांचा आवाज तबकडीवर आला, पुढे अब्दुल करीम खाँसाहेब, फैयाज खाँसाहेब, केसरबाई सगळ्यांनी तीन-साडेतीन मिनिटांच्या त्या चौकटीत जीव ओतला. मी स्वतः त्या तबकड्या विद्यार्थ्यांना ऐकवते. पण ती मर्यादा यंत्राची होती. तबकडीची एक बाजू तेवढीच होती, म्हणून गाणे तेवढे झाले. हीच माणसे मैफलीत बसली की तासन् तास गात, आणि त्या तासांतून कमावलेले तीन मिनिटांत उतरे. आज कोणत्याही यंत्राची सक्ती नसताना तुम्ही गाणाऱ्याला पुन्हा त्याच चौकटीत बसवत आहात, आणि तेही समोर माणसे बसलेली असताना.

श्रोत्याकडे वेळ नाही, हे तर मला मान्यच नाही. माझे विद्यार्थी विशी-बाविशीचे आहेत. कॉलेजला, नोकरीला जाता-येता कानात घालून ते तास-तासभराचे जुने ध्वनिमुद्रण ऐकतात, आवडलेली जागा मागे नेऊन पुन्हा ऐकतात, मग मला येऊन विचारतात की इथे निषाद कसा लावला आहे. मैफलीला मात्र ते यायला कुरकुरतात. विचारले तर म्हणतात, गाणे सुरू कधी होणार ते कळत नाही आणि सुरू झाले की संपते. त्यांचा कंटाळा ख्यालाचा नाही, ख्यालाच्या आधीचा आहे.

तिकीट लावून जाहीर जलसे करण्याची वाट विष्णु दिगंबर पलुस्करांनी (१८७२–१९३१) रुळवली. त्याआधी दरबारात किंवा धनिकाच्या दिवाणखान्यात जे गाणे होई, ते त्या जलशांमुळे कोणाही अनोळखी माणसाला तिकीट काढून ऐकता येऊ लागले. त्या माणसाशी तुमचा एक करार होतो. पत्रिकेवर छापलेली वेळ आणि छापलेला कलाकार. सहाची वेळ छापायची आणि नऊला गाणे द्यायचे, हा त्या कराराचा भंग आहे. दिवसभर काम करून, घरचे आवरून, दोन वाहने बदलून आलेल्या श्रोत्याचे तीन तास असे परस्पर खर्च करण्याचा अधिकार कोणालाच नाही. शेवटची गाडी चुकेल म्हणून ऐन बढतीत उठून जाणारी माणसे मला मंचावरून दिसतात. जाताना ती खाली वाकून, चोरासारखी जातात. त्यांच्याकडून काहीही चुकलेले नसते.

याहून मोठे नुकसान रागांचे होते आहे, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. आपल्याकडे रागाला प्रहर, म्हणजे गाण्याची ठरलेली वेळ, आहे. पंडित भातखंडे (१८६०–१९३६) यांनी प्रचारातल्या रागांची जी मांडणी केली तीत दुपारी बारा ते मध्यरात्री बारा या वेळेतले राग पूर्वांगवादी (मुख्य स्वर सप्तकाच्या खालच्या भागात असलेले) आणि त्यानंतरचे उत्तरांगवादी (तो वरच्या भागात असलेले) धरले, दिवस-रात्रीच्या सांध्यावरचे संधिप्रकाश राग वेगळे काढले. हा सिद्धान्त कितपत शास्त्रीय आहे यावर वाद आहेत, दक्षिणेत तो फारसा पाळत नाहीत हेही खरे. पण आपले गवई आजही पाळतात, आणि ज्याचा कान या संगीतावर घडला आहे त्याला सकाळची तोडी सायंकाळी लावावीशी वाटत नाही.

आता मैफलींच्या वेळा पाहा. जवळजवळ सगळ्या सायंकाळी सहा-साडेसहा ते दहा. या वेळेत मारवा, पूरिया, श्री, पूरियाधनाश्री निदान भरपूर ऐकायला मिळावेत. तेही मिळत नाहीत, कारण दिवेलागणीचा तो नेमका वेळ भाषणांत जातो. बाहेर संधिप्रकाश असतो आणि आत प्रास्ताविक चालू असते. गाणे सुरू होईपर्यंत यमनाची वेळ झालेली असते. मग यमन, बिहाग, बागेश्री, रागेश्री, आणि चिठ्ठीच्या धाकात कधी मालकंस. दरबारी कानडा शांतपणे गायला वेळ हवा, मध्यरात्रीची जवळीक हवी, म्हणून जाणते कलाकार तो अशा घाईत काढतच नाहीत. ललत, भटियार, तोडी, आसावरी, सारंगाचे प्रकार या सकाळ-दुपारच्या रागांना तर सायंकाळच्या सभेत जागाच नाही. माझ्याकडे सहा-सात वर्षे शिकलेल्या मुलांनी समोर बसून तोडी फार क्वचित ऐकली आहे. त्यांची तोडी माझ्याकडून आलेली आणि मोबाइलमधून आलेली. एक पिढी अशी तयार झाली तर पुढच्या पिढीला तोडी देणार कोण?

दहाच्या नियमाकडे बोट दाखवले जाते. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला मनाई आहे. लोकांना झोप हवी, आजारी माणसांना शांतता हवी, म्हणून हा नियम योग्यच आहे आणि उघड्या मैदानावर तो पाळलाच पाहिजे. पण त्याच नियमात प्रेक्षागृहांसारख्या बंदिस्त जागांना, आवाज आतल्या आत राहणार असेल तर, वेगळे ठेवले आहे. शिवाय सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी राज्य सरकारला वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सवलत देता येते. बंद सभागृहात दहाला गाणे थांबते ते बहुधा सभागृहाच्या पाळीमुळे, कर्मचाऱ्यांच्या वेळेमुळे. ती अडचण खरी आहे, मी ती नाकारत नाही. पण मग खरे कारण सांगा. आणि रात्र मिळत नसेल तर सकाळ आहे, दुपार आहे. पुण्यात भीमसेनजींनी १९५३ साली सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव पूर्वी रात्ररात्र चालत असे. रात्र हातची गेली तेव्हा तिथे सत्रे दुपारी सुरू होऊ लागली, आणि त्यामुळे मुलतानी, भीमपलास, पटदीप त्यांच्या त्यांच्या वेळेला ऐकता येतात. एवढ्या मोठ्या महोत्सवाला जे जमते ते दोन-तीनशे श्रोत्यांच्या सभेला रविवारी सकाळी का जमू नये?

आता तानपुऱ्याबद्दल, कारण ते माझे वाद्य आहे. पंचम, जोडीच्या दोन तारा आणि खर्ज, एवढ्या चार तारा. जवारीवर, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीवर, दोरा नेमका जागेवर बसला की खर्जाच्या तारेतून कोणी न छेडलेला गांधार ऐकू येतो. तो आला की गाणारा डोळे मिटतो, त्याला घर सापडलेले असते. त्यासाठी आम्ही ग्रीन रूममध्ये अर्धा तास खुंट्या आणि मणी फिरवत बसतो. मग वाद्ये मंचावर येतात. खालून वातानुकूलनाचा गारवा, वरून दिव्यांची उष्णता. तारा हलतात, तबल्याची पुडी (कातडे) बदलते. पुन्हा जुळवावे लागते, आणि नेमक्या त्याच वेळी निवेदक माईकवरून कलाकाराच्या पुरस्कारांची यादी वाचत असतात. मोकळी पाच मिनिटे भरून काढावीत असा त्यांचा हेतू असतो. पण ती पाच मिनिटे मोकळी नसतात, तेव्हा पुढच्या तासाचा पाया भरला जात असतो, आणि आम्हाला आमचीच तार ऐकू येत नाही. किशोरीताई आमोणकर सभागृहात शांततेचा आग्रह धरत तेव्हा लोक त्यांना रागीट म्हणत. त्या काय मागत होत्या ते मंचावर बसल्यावर कळते.

हल्ली तर काही ठिकाणी सांगतात की जुळवायला वेळ नाही, तानपुऱ्याऐवजी त्याचा आवाज देणारे यंत्र लावा. मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी अभिमानाने एकमेकांना पाठवल्या. तो तानपुरा मंचावर वाजणार नसेल तर ते कारागीर भोपळा कोणासाठी कोरतील?

आवाजाच्या व्यवस्थेचे थोडक्यात सांगते. लहान सभागृहातही तबला छातीत धडकेल इतका मोठा ठेवला जातो आणि त्याखाली तानपुरा आणि संवादिनी बुडून जातात. ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्यांचा यात दोष कमी आहे. त्यांना ऐकून पाहायला, कलाकाराशी बोलायला वेळच दिलेला नसतो, ते गाणे सुरू झाल्यावर अंदाजाने बटणे फिरवतात.

पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या पुढच्या रांगा सत्कार झाला की रिकाम्या होतात आणि गाणाऱ्याला रिकाम्या खुर्च्यांकडे बघत गावे लागते. मागे दाटीने बसलेल्यांना पुढे बोलवायलाही कोणी धजत नाही. आलापात मंचासमोर फिरणारे छायाचित्रकार आणि उंचावलेले मोबाइल याबद्दल वेगळे काय लिहू.

साथीदारांचे मात्र लिहायलाच हवे. पत्रिकेवर कित्येकदा तबला आणि संवादिनीच्या कलाकारांची नावे नसतात, असली तर बारीक अक्षरांत. सारंगीवाले दुर्मीळ झाले आहेत, तरी त्यांचे नाव विसरले जाते. सत्कारात ज्यांनी काही गायले-वाजवले नाही अशा दहा जणांना शाल मिळते, आणि ज्याने विलंबित एकतालाचा ठेका पाऊण तास अजिबात न ढळू देता धरला त्याला घाईघाईत फूल देऊन खाली उतरवतात. ठेका धरणे काय असते, हे ज्याने लय कोसळताना पाहिली आहे त्यालाच माहीत. या माणसांच्या नावावरही लोक तिकीट काढतात, हे तुमच्या लक्षात यावे.

तुमचे कष्ट मला ठाऊक आहेत. सतरंज्या घालण्यापासून कलाकाराला स्टेशनवर आणायला जाण्यापर्यंत तुम्हीच धावता, बहुतेक जण पदरमोड करून. सभागृहाचे भाडे प्रायोजकाशिवाय निघत नाही आणि प्रायोजकाला चार शब्द बोलायचे असतात. तुम्ही नसता तर हे गाणे सार्वजनिक राहिलेच नसते. म्हणूनच तुमच्याकडे मागते आहे.

चाळीस मिनिटांचा निर्णय मागे घ्यावा. एका सायंकाळी दोनच कलाकार ठेवा, आणि मुख्य कलाकाराला किमान दीड तास सलग मिळेल अशी पत्रिका आखा. नव्या मुलांना संधी द्यायची असेल तर त्यांच्यासाठी स्वतंत्र सभा घ्या, त्यांनाही वेळ हवाच असतो. विलंबित गावे की मध्य लयीत, हे ज्याचे त्याला ठरवू द्या.

छापलेल्या वेळेला पहिला स्वर लागला पाहिजे. दीपप्रज्वलन आणि प्रास्ताविक मिळून दहा मिनिटांत आटपा. सत्कार करायचे असतील तर त्यांचा वेगळा कार्यक्रम ठेवा किंवा छापलेल्या वेळेच्या आधी अर्धा तास ठेवा, ज्यांना यायचे ते येतील. प्रायोजकांचे आभार पत्रिकेवर आणि पडद्यावर छापून माना. दोन कलाकारांच्या मध्ये भाषण नको.

चिठ्ठी बंद करा. कलाकाराला किती वेळ आहे ते आदल्या दिवशी सांगा, त्याला दिसेल असे घड्याळ मंचावर ठेवा आणि मग त्याच्यावर विश्वास ठेवा. तुमच्याकडून उशीर झाला तर तो तुमच्या कार्यक्रमातून वजा करा, गाण्यातून नको.

वर्षातून निदान दोन सभा सकाळी आणि एक दुपारी घ्या. श्रोते येणार नाहीत असे आधीच ठरवू नका. आम्ही शिक्षक विद्यार्थ्यांना घेऊन येऊ, सतरंज्याही घालू.

ध्वनियंत्रणेची चाचणी प्रेक्षक आत येण्याआधी, कलाकारांसमोर व्हावी. मंचावर वाद्ये जुळवायला दहा मिनिटे शांतता असावी, त्या वेळी माईक बंद असावेत. मंचावर खरा तानपुरा असावा आणि तो धरणाऱ्यांसह प्रत्येक साथीदाराचे नाव पत्रिकेवर मुख्य कलाकाराच्या खाली, वाचता येईल अशा अक्षरांत असावे. पुढच्या रांगा गाणे सुरू होताच रिकाम्या असतील तर मागच्यांसाठी खुल्या कराव्यात.

येत्या हंगामाच्या पत्रिका छापायला जाण्याआधी आपापल्या कार्यकारिणीच्या बैठकीत हे पत्र वाचावे आणि यातले काय मान्य आहे, काय नाही, ते सभासदांना लेखी कळवावे. जिथे हे मान्य होईल त्या सभेला मी वर्गातल्या सगळ्यांना घेऊन, तिकीट काढून, छापलेल्या वेळेच्या आधी हजर असेन.

आपली,
तानपुऱ्याची साथ करणारी एक गायनशिक्षिका